आप्पांच्या पिकअपमधली टुकटुक

गाड्या दुरुस्त करणारे नांदेडात पुष्कळ आहेत. इंजिनचे उस्ताद वेगळे, गिअरचे वेगळे, वायरिंगवाले वेगळे. मी त्यातला कोणीच नाही. मी गाडीच्या आतला आवाज घालवतो. केबिनमध्ये बसल्यावर डॅशबोर्डातून, दारातून, छतातून, सीटखालून जे काही खडखडतं, कुरकुरतं, टकटकतं, ते शोधायचं आणि गप्प करायचं, हा माझा धंदा. लोक हसतात. म्हणतात, रशीदभाई, हा काय धंदा झाला? त्यांना मी सांगतो, एकदा जुन्या पिकअपमध्ये बसून नांदेडहून उदगीरला जाऊन या, मग आपण बोलू.

हे काम मी शिकायला गेलो नव्हतो, ते माझ्या गळ्यात पडलं. मी मूळचा कुशनवाला. सीट शिवायच्या, छताला अस्तर लावायचं, दारांना रेक्झिन चढवायचं. गिऱ्हाईक सीट करून न्यायचं आणि आठवड्यानं परत यायचं. "सीट झकास झाली, पण ते डावीकडून काय वाजतंय बघा की जरा." माझा काय संबंध, असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण आवाज म्हटला की माझं डोकं फिरतं. दुपारी पडल्यावर पंखा नुसता करकरला तरी मी स्टुलावर चढतो आणि आमची बेगम म्हणते, "अजी, पंखे को तो सोने दो."

आवाज ओळखला की निम्मं काम झालं. पत्र्यावर पत्रा आपटतो तेव्हा खडखड होते. स्क्रू सैल असेल तर किर्र होतं आणि ते ठरावीक वेगालाच होतं, वेग वाढवला की बंद. प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की कुरकुर, आणि ही कुरकुर उन्हात वाढते. काचेची रबरी पट्टी झिजली की काच दिवसभर थरथरत राहते. एवढं पाठ झालं की डोळे मिटून बसायचं आणि एक तळवा डॅशवर, एक दारावर ठेवायचा. कानाला फसवणं सोपं आहे. आवाज डावीकडून येतोय असं वाटतं आणि निघतो उजवीकडून. तळहात सहसा फसत नाही.

सामान म्हणाल तर काहीच नाही. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे तुकडे, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, फोम, कापडी टेप आणि एक रबरी हातोडा. खरं भांडवल म्हणजे दुकानामागचा रस्ता. नांदेडात त्याच्याइतका खराब रस्ता दुसरा नसेल. प्रत्येक गाडी मी त्याच रस्त्यावरून नेतो, त्याच खड्ड्यांतून, म्हणजे आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज यांची तुलना करता येते. मध्यंतरी तो रस्ता सिमेंटचा होणार अशी बातमी आली. गल्लीत पेढे वाटले गेले आणि मी एकटा तोंड पाडून बसलो.

गिऱ्हाइकं तर विचारू नका. आवाज सांगायचा म्हणजे तो तोंडानं काढून दाखवावा लागतो, आणि भल्याभल्यांची तिथं फजिती होते. अर्धापूरचे एक केळीचे व्यापारी, मोठे रुबाबदार गृहस्थ, माझ्या दुकानापुढं भर रस्त्यात उभं राहून "खडडड-टिक, खडडड-टिक" करत होते आणि पलीकडं चहावाल्याकडं गर्दी जमली होती. मुदखेडचे एक मास्तर हुशार निघाले. त्यांनी तोंडाला त्रास नको म्हणून मोबाईलवर आवाज भरून आणला. मी सगळी गाडी खोलली, काही नाही. शेवटी कळलं, मोबाईल ज्या स्टँडमध्ये अडकवून त्यांनी आवाज भरला होता, तो स्टँडच वाजत होता. मास्तरांनी तो काढून खिशात घातला आणि इकडंतिकडं न बघता निघून गेले.

उमरीच्या एका पिकअपमध्ये ब्रेक मारला की सर्र करून काहीतरी पुढं यायचं आणि गाडी निघाली की सर्र करून मागं जायचं. मालकानं बाहेरवशाचा संशय धरून गाडीवरून लिंबं उतरवली होती. मी दाराची आतली प्लेट काढली तर पायलीभर हरभरा माझ्या पायावर सांडला. उंदरानं खळ्यावरून गाडीत आणि गाडीतून दारात असा सगळा माल भरून ठेवला होता. त्या दिवशी मी एवढा हसलो की हातातला पाना दोनदा खाली पडला.

आता धंदा पहिल्यासारखा राहिला नाही, हे खरंच. नव्या गाड्यांत सगळं बंदिस्त असतं, आणि तरुण पोरं आवाज आला की गाणी मोठी करतात. आवाज जात नाही, फक्त ऐकू येत नाही. मला हे बघून वाईट वाटतं. पण गेल्या हिवाळ्यात मन्मथआप्पांची पिकअप आली आणि मी पुन्हा पहिल्यासारखा पेटलो. ती गोष्ट सांगण्यासाठीच तर एवढं लिहायला बसलो.

आप्पा उदगीरचे. लिंगायत वाणी, हळद-तिखट-मसाल्याचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर टोपी, पांढरा सदरा आणि त्यावर हळदीचा कधीच न जाणारा डाग. जुनी पिकअप घेऊन मुखेड, देगलूर, जळकोट असे आठवडी बाजार करायचे. सोबत मुलगा बसवराज होता. त्याचं उदगीरला किराणा दुकान आहे.

"काय वाजतंय आप्पा?" मी विचारलं.

आप्पांनी तोंडानं आवाज काढला नाही. बोट वाकवून पेरानं माझ्या टेबलावर ठोकलं. टुक… टुक. "असं. खराब रस्त्यावर गाडी जरा पळवली की वाजतंय. हळू केली की गप."

"चाचा, कायबी वाजत न्हाई," बसवराज म्हणाला. "उदगीरपासून इथवर मी शेजारी बसून आलो. तिकडं दोन गॅरेजवाल्यांनी बघितलं, त्यांनाबी काय ऐकू आलं न्हाई."

आप्पा हात धुवायला गेले तसं बसवराजनं मला बाजूला घेतलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "चाचा, गेल्या उन्हाळ्यात आमची अव्वा गेली. आई. ती कायम आप्पांच्या शेजारी बसून बाजाराला जायची, तराजू तीच धरायची. आप्पांनी गाडी पळवली की डॅशवर बोटानं असं ठोकायची, हळू म्हनून. आता आप्पा म्हनतेत, तुझी अव्वा अजून मला हळू चालव म्हनून सांगून राहिली. तुम्हीच सांगा, अशा मानसाच्या हातात गाडी कशी द्यायची? परवा देगलूरचं गिऱ्हाईक येनार हाय, विकून टाकतो. तुम्ही फक्त त्यांना सांगा की गाडीत आवाज न्हाई. तुमचं ऐकतील ते."

पोरगा वाईट नव्हता. बापाच्या काळजीनं त्याचे डोळे आत गेले होते. पण मला रागच आला. आवाज ऐकण्याच्या आधी तो नाही म्हणून सांगायचं? डॉक्टरनं नाडी न बघता औषध देण्यातलाच प्रकार. मी म्हटलं, "आजचा दिवस गाडी माझ्याकडं राहू दे."

आप्पा चालवायला, मी शेजारी. मागच्या रस्त्यावरून दोन फेऱ्या मारल्या. मी तळवे लावून बसलो होतो. डॅशमध्ये थोडी कुरकुर होती, दाराची काच सैल होती, जुन्या गाडीला एवढं असायचंच. टुकटुक मात्र नाही. आप्पा प्रत्येक खड्ड्यानंतर माझ्या तोंडाकडं बघत होते.

मग मी गाडी खोलली. डॅशचे स्क्रू आवळले, दारांच्या प्लेटा काढल्या, छताचं अस्तर सोडवून बघितलं. डावी सीट उचलली. खाली जॅक होता, पोत्यात गुंडाळलेले पाने होते आणि सीटच्या आडव्या सळईला लाल फडक्यातलं गाठोडं बांधलेलं होतं, हळदकुंकू लावलेलं. दसऱ्याला गाडीची पूजा करतात तेव्हाचा नारळ. आपल्याकडं दर दुसऱ्या गाडीत तो असतोच. माझे अब्बा सांगायचे, कुणाच्या देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही, लागलाच तर माफी मागायची. मी आदबीनं छातीला हात लावला, जॅकला नमदा गुंडाळला, पाने बाहेर काढले आणि सीट खाली टाकली.

पुन्हा फेरी मारली. गाडी एकदम शांत. मी खूश होऊन म्हटलं, "आप्पा, गेला बघा आवाज."

आप्पा म्हणाले, "तुम्ही बसल्यावर तो आधी कुठं वाजत होता रशीदभाई?"

दुकानात परत आलो. बसवराजनं विचारलं, "झालं ना आप्पा समाधान?" आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "विका मग," म्हणाले. एवढंच. ज्या माणसानं उभं आयुष्य बाजारात हाका मारून माल विकला, त्याचा तो आवाज ऐकून मला चहा जाईना.

मी म्हटलं, आप्पा, चला, अर्धापूर रोडला जरा मोकळ्या हवेत जाऊन येऊ. नुसतंच, त्यांना बरं वाटावं म्हणून. बसवराज दुकानातच थांबला. वाटेत केळीचा गाडा दिसला. मी उतरलो, आणि आप्पा गाडी वळवून आणायला पुढं गेले. तिथं रस्त्याचं काम चाललेलं, सगळी खडी उघडी. मी केळ्याचा भाव करत होतो तेवढ्यात आप्पांनी माझ्यापाशी येऊन कचकन ब्रेक मारला.

"वाजलं. आत्ता वाजलं, रशीदभाई."

मी केळी तिथंच टाकून गाडीत उडी मारली. त्याच खडीवरून गेलो. काही नाही. आप्पांचा चेहरा पडला. पण माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. मी उतरलो आणि म्हटलं, "आप्पा, एकटेच त्या कडुलिंबापर्यंत जाऊन या." ते आले. वाजलं होतं. मी चढलो, बंद. उतरलो, वाजलं. इतकी वर्षं मी आवाज शोधतोय, पण प्रत्येक वेळी गाडीत बसूनच शोधतोय. हा आवाज मी बसल्यामुळंच गप्प होत होता. उदगीरपासून मुलगा शेजारी बसून आला म्हणून त्याला ऐकू आला नाही. गॅरेजवालेही शेजारीच बसले असणार. जगात एकट्या आप्पांनाच तो ऐकू येत होता, कारण एकटे आप्पाच त्या गाडीत एकटे असायचे.

मी मागं हौद्यात चढलो, गुडघ्यावर बसलो आणि केबिनच्या मागच्या काचेला कान लावला. "पळवा आप्पा." खडी आली. आणि मग, काचेपलीकडून, अगदी स्पष्ट, कुणी बोटाच्या पेरानं ठोकावं तसं: टुक… टुक. मी केबिनच्या टपावर असे बुक्के मारले की आप्पा घाबरून थांबले. मी वरूनच ओरडलो, "आप्पा, ऐकलं. मी पण ऐकलं." केळीवाला हातात काटा धरून बघत होता. मला काही पडलेली नव्हती.

आप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "रशीदभाई, खरं सांगून राहिलाव न्हवं? माझं मन राखाय तर न्हाई?"

"आप्पा, आवाजाच्या बाबतीत मी सख्ख्या भावाचं मन राखत नाही," मी म्हटलं.

दुकानात आल्याबरोबर हौद्यातलं हळदीचं पोतं उचलून डाव्या सीटवर ठेवलं, आप्पांना एकटं पाठवलं. आवाज बंद. पोतं काढलं, आवाज चालू. म्हणजे चोर डाव्या सीटखाली होता, यात आता शंका नव्हती. माझे हात शिवशिवत होते, पण मी सीट उचलली नाही. आधी दुसरं एक काम व्हायला हवं होतं. मी किल्ली बसवराजच्या हातात दिली.

"एकटा जा. मागच्या रस्त्यानं. रेडिओ लावू नको, आणि जरा पळव."

"चाचा, कशाला आता…"

"जा म्हटलं ना."

तो गेला. आप्पा आणि मी दारात उभे होतो. गाडी कोपऱ्यावरून वळून आली, थांबली, इंजिन बंद झालं, तरी बसवराज उतरेना. मग दार उघडलं आणि तो येऊन बापासमोर उभा राहिला.

"आप्पा, वाजतंय," तो म्हणाला. मग किल्ली बापाच्या हातात देत म्हणाला, "मी गाडी हळू केली."

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी उगीच पाने शोधायला आत गेलो.

मग सीट उचलली. जॅकला मी आधीच नमदा गुंडाळलेला होता. पाने बाहेर होते. सळई घट्ट होती. उरलं लाल गाठोडं. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत राहिलो. मी म्हटलं, "आप्पा, सगळ्या गाडीत एवढ्या एकाच वस्तूला मी हात लावलेला नाही."

"कुनीच लावलेला न्हाई," बसवराज म्हणाला. "उदगीरच्या गॅरेजवाल्यांनीबी पाया पडून सीट खाली टाकली. मीबी तेच केलं."

आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीचा स्क्रू न स्क्रू मोकळा केला होता आणि आवाज निवांत फडक्यात बसला होता. मला हसू यायला लागलं, पण आप्पांकडं बघून आवरलं.

"आप्पा, सोडा तुम्ही."

आप्पांनी मान हलवली. "तिनं बांधलेली गाठ हाय. माझ्यानं सुटायची न्हाई. तुम्ही सोडा रशीदभाई, तुमचा हात हलका हाय."

मी साबणानं हात धुऊन आलो. गाठ आवळून बसली होती. कात्री हाताशी होती, पण कात्री लावायला मन होईना. सूट सूट म्हणत नखांनी सोडवली. नारळ हातात घेतला तर पिसासारखा हलका. कानाशी धरून हलवला. टुक.

आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा झाला होता. गोटा करवंटीपासून सुटला की आतल्या आत फिरतो. रिकामी सीट असली की गाठोडं सळईला लोंबकळत डोलायचं आणि गोटा करवंटीवर आपटायचा. माणूस बसला की जुनी बसकी गादी खाली दबायची, नारळ जॅकवर चेपून बसायचा, डोलायचाच नाही. लोखंडाचा आवाज नाही, पत्र्याचा नाही, प्लास्टिकचा नाही. असा आवाज मला आयुष्यात भेटला नव्हता. मी तो नारळ हातात घेऊन दुकानात दोन चकरा मारल्या, इतका मला आनंद झाला होता. चहावाल्याला बोलावून दाखवला. त्याच्या कानाशी हलवला.

मग माझ्या लक्षात आलं, नारळ इतका जुना कसा? दसऱ्याला नवा बांधतात ना? मी विचारलं.

"बांधतेत की," आप्पा म्हणाले. "दर दसऱ्याला तीच बांधायची. जुना काढायचा, फोडून खोबरं वाटायचं, नवा बांधायचा. गेल्या दसऱ्याला घरात सनच केला न्हाई आमी." मग ते रिकाम्या सीटकडं बघत म्हणाले, "ती असती तर बदलला असता."

ती असती तर तो वाजलाही नसता, हे मला कळत होतं. ती तिथंच बसलेली असती. काही गोष्टी कारागिरानं सांगायच्या नसतात.

बसवराज कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा नारळ घेऊन आला. आप्पांनी जुना माझ्या दारातल्या दगडावर फोडला. करवंटीचे दोन तुकडे झाले आणि आत गोटा सबंधच्या सबंध, तेलानं चकाकणारा. आप्पांनी त्याचे तुकडे केले. पहिला मला दिला. तसं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही. नवा नारळ बसवराजनं त्याच लाल फडक्यात बांधला, आईसारखी गाठ त्याला जमेना, तीनदा सोडली. मी विचारून भोवती नमदा लावला. आप्पा एकटेच मागच्या रस्त्यावरून जाऊन आले.

"गप हाय," ते म्हणाले. आवाजात आनंद होता, पण सगळाच आनंद नव्हता. मला ते समजलं.

ते निघायच्या तयारीत असताना बसवराजचा फोन वाजला. देगलूरचं गिऱ्हाईक होतं. परवा किती वाजता येऊ, असं विचारत असावं. आप्पा आरशावरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"न्हाई हो, विकायची न्हाई," बसवराज फोनवर म्हणाला. "खराबी? खराबी कायबी न्हाई. गाडी एकदम ठणठणीत हाय." पलीकडून त्यानं मग का विकत नाही म्हणून विचारलं असावं. बसवराजनं बापाकडं बघितलं.

"आमचे आप्पा चालवून राहिले ना," तो म्हणाला.